खर्ची न पडलेलं वचन

माय, आज सकाळी भाकरी थापताना माझा हात पुन्हा पदराकडं गेला. हाताला पीठ होतं, ते पदराला लागलं. तू असतीस तर आधी हात धुवायला लावलं असतंस आणि मग विचारलं असतंस, कालचं वचन खर्ची पडलं का म्हणून. माझी मुलगी वारल्यापासून माझं काहीच खर्ची पडलेलं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रोज चुलीपुढं बसलं की तू विचारतेस आणि मी मान खाली घालते.

छावणीतल्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमधलं ते स्वयंपाकघर मला अजून डोळे मिटून फिरता येईल. बाबा वारल्यावर तू करमाड सोडून मला घेऊन तिथं आलीस, मुलींच्या भाकऱ्या भाजायला. तुला अक्षर येत नव्हतं. मला शाळेनं शिकवलं, म्हणून पहाटे पहिला तवा तापेपर्यंत मी बायबल, आपलं शास्त्र, वाचायचं आणि तू ऐकायचं, अशी आपली रीत पडली. ऐकता ऐकता मधेच तू हात वर करतेस, मी थांबते. तेवढं एक वचन तू दोनदा म्हणवून घेतेस, हात धुतेस, पुसतेस आणि पदराच्या टोकाला गाठ मारतेस. मग दिवसभर ते वचन तुझ्या कमरेला. संध्याकाळी चूल निवली की गाठ सोडायची, पण सोडण्याआधी सांगायचं, ते आज कुठं कामी आलं. कुठंच आलं नसेल तर गाठ तशीच राहायची आणि दुसऱ्या दिवशी नवं वचन नाही. मला पुढची गोष्ट वाचायची घाई असायची, मी कुरकुर करायची. तू एकदा चिमटा आपटून म्हणालीस, "टोपल्यात भाकरी असताना दुसरी थापतीस का? आधी कालचं खर्ची पडू दे." तेव्हापासून माझ्या परकराच्या नाडीलाही गाठ आली.

एक गाठ तुझ्या पदराला पंधरवडाभर राहिली होती. वैऱ्याला तहान लागली तर पाणी पाज, अशा अर्थाचं ते वचन. तू लुगडं बदललंस की ती गाठ दुसऱ्या पदराला बांधायचीस आणि चिडायचीस, की मला मेलीला वैरी तरी कुठून आणावा. मग एक दिवस करमाडची पाटलीणबाई मिशनच्या दवाखान्यात लेकाला घेऊन आली. तिच्याच विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते. घागर खाली ठेवायची आणि कुणाला दया येईपर्यंत उन्हात बसायचं. ती भर दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली आणि पाणी मागितलं. तुला ओळखून तिचा चेहरा उतरला, पण तहान मोठी होती. तिनं ओंजळ पुढं केली. आपण करायचो तशीच. तू तांब्या घेतलास आणि बराच वेळ नुसती उभी राहिलीस. मी दाराआडून बघत होते. त्या संध्याकाळी गाठ सोडताना तू म्हणालीस, "लई उंचावरून वतावं वाटत होतं गं. मग वाकले." एवढंच. पण मी शास्त्र शिकले ते त्या दिवशी. नंतर शिक्षिका होऊन कितीतरी मुलींना वचनं पाठ करायला लावली, तसं एकदाही शिकवता आलं नाही मला.

आता माझं ऐक. आम्ही औरंगपुऱ्यात भाड्यानं राहतो. तुझे जावई कचेरीत दिवसभर उर्दूत अर्ज लिहितात, मी शाळेत शिकवते. आमची मुलगी तू पाहिली नाहीस. तुझं नाक होतं तिला. तापाच्या साथीत चार दिवसांत गेली. तिला पुरून आल्यावर मी शास्त्र उघडलं आणि जे समोर आलं ते गाठीला बांधलं: रडू रात्रीपुरतं मुक्कामाला येतं आणि सकाळी आनंद होतो, असं काहीसं. माय, सकाळी पुष्कळ झाल्या. रडू काही उठून गेलं नाही. ते वचन खर्ची पडत नाही आणि ते पडल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. शास्त्र फळीवर बासनात बांधलेलं आहे, तू माझ्या लग्नात हिमरू कापडाच्या तुकड्यांचं शिवलेलं तेच बासन. मला भूक लागते गं त्याची. शाळेत मुलींपुढं वाचते तेव्हा ते त्यांचं असतं, माझ्या घशाखाली उतरत नाही. रात्री तिच्या फ्रॉकची घडी उशाशी असते आणि वाटतं, एक ओळ, एकच ओळ कुणी म्हणावी, जिच्यावर पाय ठेवून उद्याचा दिवस काढता येईल. चर्चमधले पाळकसाहेब म्हणतात, वाचत जा, बळ मिळेल. त्यांना मी काय सांगू? तुझ्या जावयांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "तो नेम तुझ्या आईचा होता, देवाचा नव्हे." मला कळतं ते. पण मला देव दाखवला तो तुझ्याच पिठाच्या हातानं. आता दोघांना वेगळं कसं करू?

म्हणून मी तुझ्या शेवटच्या गाठीपाशी येऊन थांबले. तू गेलीस तेव्हा मी जालन्याला शाळेत शिकवत होते. येईपर्यंत सगळं आवरलं होतं. बोर्डिंगमागच्या गल्लीतल्या मुसलमान खालानं, तिच्या घरात हिमरूचा माग होता बघ, तिनं तुला न्हाऊ घातलं होतं. तुझ्या पदराला गाठ होती. बायका सोडायला गेल्या तर तिनं हात धरला, "नक्को खोलो, अम्मा की अमानत है." कात्रीनं तेवढं टोक कापून तिनं माझ्या हाती दिलं. इतकी वर्षं ते माझ्या पेटीत आहे. मी धरून चालले होते की बोर्डिंगच्या कुणा मुलीनं तुला शेवटपर्यंत वाचून दाखवलं असेल, एखादं चांगलं, निरोपाचं वचन.

मागच्या महिन्यात खालाला भेटले. फार थकली आहे. तिला विचारलं, माझ्या आईला शेवटी कोण वाचून दाखवत होतं? तिनं उलट मलाच विचारलं, कोण वाचणार? उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणाली, मुली गावाला गेल्या होत्या, बोर्डिंग रिकामं होतं. तू तापात एकटी पडून होतीस आणि मूठ त्या गाठीवर. खालानं विचारलं होतं तुला, अम्मा, इसमें क्या है? "तो बोली, बेटी ने पढ़ को दिया सो है. अब्बी बाकी है."

मी दिलेलं. म्हणजे जालन्याला निघाले त्या सकाळी मी वाचलं ते. टांगा दारात होता, तू बस, वाच म्हणालीस, मी घाईघाईनं वाचलं, तू हात वर केलास, मी दोनदा म्हटलं. तुझा वर गेलेला हात मला दिसतो. टांगेवाला ओरडत होता तेही ऐकू येतं. वाचलं काय, ते मात्र आठवत नाही. खालाला भेटले त्या दिवसापासून फक्त तेवढ्यासाठी बासन सोडते, एकेक पान उलटते, कुठली तरी ओळ 'मीच ती' म्हणत पुढं येईल म्हणून. एकही येत नाही. सगळी वचनं सारखीच गप्प आहेत. आणि तुझंही राहूनच गेलं, हे कळल्यापासून माझा धीर पार सुटला आहे. तुझं खर्ची पडलं नाही, तिथं माझं काय पडणार?

आज भाकऱ्या झाल्यावर मी हात धुतले, पुसले आणि पेटीतून ते टोक काढून गाठ सोडली. फार घट्ट होती, दात लावावे लागले. आत काही नसणारच, मला माहीत होतं. लुगड्याचा रंग बाहेर विटून राखेसारखा झाला आहे, गाठीच्या आत मात्र तो अजून गर्द निळा आहे. त्यावर बोट ठेवून मी विचारलं, काय होतं गं? मग रडले. तुझे जावई कचेरीला जायचे थांबून दारात उभे राहिले.

हा कागद बासनात ठेवीन, दुसरीकडं कुठं ठेवणार? एवढं मात्र तुला सांगायला हवं. तुझी गाठ मी पुन्हा मारली, कारण सोडताना सांगावं लागतं आणि मला सांगता आलं नाही. माझीही तशीच आहे. पण शाळेला निघताना हाताला राहवेना म्हणून पदराच्या दुसऱ्या टोकाला एक नवी गाठ मारली. आत काहीच नव्हतं, माय. न वाचताच मारली.