खाटेच्या दांडीवरच्या गाठी

मीरा रोड, ९ मार्च १९९७

प्रिय सुगंधास जयभीम.

आम्ही बाप-लेक बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

पेपरातला डॉक्टरांचा फोटो वाडीत दाखवत फिरू नकोस. त्यात आपली संघप्रिया नाही. आईची किडनी मुलाला बसवली, तेव्हा ऑपरेशनला आपली पोर तिथंच होती. पण फोटोच्या वेळी तिला आत वॉर्डात त्या आईजवळ बसायला पाठवलं.

चिमटे धरायला आपली पोर, शिरा जोडायला मोठ्या डॉक्टरांचा पुतण्या, असं दोन वर्षं चाललंय. परवा तिनं तोंड उघडलं, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, कोट्यातून इथवर आलात, तेवढं पुरे की!"

रोज संध्याकाळी ती सरावासाठी खाटेच्या दांडीला बारीक दोऱ्याच्या गाठी मारायची आणि मी शेजारी बसून चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो. त्या तालावर बोटं कशी चालायची! वाटायचं, एक दिवस कुणाच्या तरी पोटात माझी कविता शिवली जाईल.

काल तिनं सगळे दोरे कापून टाकले. म्हणाली, "बाबा, गावात दवाखाना टाकते. ताप-खोकला बघीन." मी कविता सुरू केली, तर उठून गेली.

रविवारी येतोय. तिला काही विचारू नकोस. गोधडी शिवायला काढली असशील, तर सुईदोरा आधीच आत ठेव.

तुझा
श्रीपती