लिंबू पिळलेला मासा

तीर्थरूप बाबांस, बुआकेओ दोन्ही हात जोडून वाकते आहे.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? म्हैस व्यायली का?

कच्च्या मासळीतून यकृतात शिरणारा कृमी किती जणांना आहे, ते पाहायला आम्ही आरोग्यकेंद्रातले लोक गावोगाव शौचाच्या नमुन्यासाठी डब्या वाटतो. परवा थोंगदी नावाचे एक काका डबी परत देत म्हणाले, "लिंबू पिळलं की मासा शिजतो गं पोरी! तुझा बाप खात नाही वाटतं?"

मी म्हटलं, "नाही." कुणालाच ते खरं वाटलं नाही, जमलेले सगळे खो खो हसले.

खरं तर नव्या वर्षाला मी घरी आले तेव्हा तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम नदीवरून मासा आणलात, लिंबू-मिरची घालून कच्चाच कालवलात. लिंबानं कृमी मरत नाही, हे मला पाठ होतं. पण तुमचा खुललेला चेहरा पाहिला आणि गप्प बसून खाल्लं. दुसऱ्यांच्या बापांना मात्र रोज दटावते.

गेल्या आठवड्यात शिकाऊ मुलींना दाखवायला मी माझीच डबी तपासली. कृमीची अंडी निघाली. घाबरू नका, औषध घेतलंय, एका दिवसाचंच असतं.

पण बाबा, मी वर्षातून एकदा खाते, तुम्ही आठवड्यातून चारदा.

सोबत एक डबी पाठवते आहे. रागवायचं तर खुशाल रागवा, पण भरून द्या. झाकणावर तुमचं नाव मीच घातलंय. आजवर हजारो नावं लिहिली. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

तुमच्या ताटावर गप्प बसलेली,
बुआकेओ