गिअरच्या बटणाला नैवेद्य

उदगीर,
दसऱ्यानंतरचा रविवार

चिरंजीव अमरनाथराव यांना रेणुकादास मास्तरांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची पाठदुखी कशी आहे ते कळवा. (शेक घेत चला. लॅपटॉपपुढे वाकलेली पाठ आणि पोरांनी वाकवलेली फूटपट्टी पुन्हा सरळ होत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगायचो.) पत्र घरी न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर का, असं वाटलं असेल. तर तुमचा मोबाईल उर्वी बघते आणि घरचं टपालही तीच उघडते. मुलगी माझीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

विषय सायकलचा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि उर्वीने व तुमच्या सासूबाईंनी संगनमत करून माझी स्कूटर विकली, तेव्हा तुम्ही एकट्याने माझी बाजू घेतलीत आणि तुमची बॅटरीवरची सायकल इथे आणून दिलीत. ते उपकार मी विसरलेलो नाही. (सासऱ्याने जावयाचे उपकार मानायची आपल्याकडे रीत नाही, तेव्हा हे वाक्य वाचून सोडून द्या.) उर्वीची अट तुम्हाला ठाऊकच आहे: सायकलचं काही बिघडलं, की दिवाळीला ती गाडीत घालून पुण्याला परत. स्कूटर गेल्यावर मला धान्याच्या मोंढ्यात माझ्या दोस्ताच्या, शंकरप्पाच्या आडतीवर जायचं तरी कुणाची तरी सवड बघावी लागायची. सायकल आल्यापासून चहा झाला की मी निघतो. या वयात एवढं सुख पुष्कळ झालं, आणि तेच जायची वेळ आली होती.

त्याचं असं झालं. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो. शाळेत असताना मी प्रयोगशाळेतला तराजू पुजायचो. यंदा माझ्याकडे सायकलशिवाय अवजारच नव्हतं (विळी आणि खलबत्ता तुमच्या सासूबाई पुजतात, मला हात लावू देत नाहीत). सायकल धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग विचार केला, हिचा खरा मान कशाला? तर गिअरच्या बटणाला. जुन्या सायकलींना गिअरची तार असायची; इथे तारच नाही, हँडलवरचं सुटं बटण दाबलं की मागच्या चाकापाशी एक बारकी मोटर साखळी सरकवते. म्हणजे अक्कल सगळी त्या बटणात. त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि नारळ फोडल्यावर पहिलं पाणी त्याच्यावरच घातलं. विजेच्या वस्तू पाण्यापासून लांब ठेवा, हे जन्मभर फळ्यावर लिहिणारा माणूस मीच. पण हातात नारळ असला की विज्ञान आठवत नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघनाला सायकलवरच निघालो. किल्ल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आतलं नारळाचं पाणी वाळून चिकट झालं असावं, कारण गिअर आपल्या मर्जीने पडू लागला. सपाट रस्त्यावर एकदम हलका. पाय मिक्सरसारखे फिरतायत आणि सायकल मुंगीच्या पावलाने चाललीय. चढ आला की एकदम जड. अंगाचा सगळा भार टाकला तरी पायडल खाली जाईना. ओळखीपाळखीचे लोक आपट्याची पानं घेऊन आडवे येत होते आणि मी उतरायला तयार नव्हतो, कारण उतरलो की काय झालं ते सांगावं लागलं असतं. शेवटी ढकलत घरी आणली आणि पंक्चर झाली म्हणून सांगितलं.

मोंढ्यात शंकरप्पाला मात्र खरं सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, कशाला बेजार होऊन राहिले? मोबाईल भिजला की लोक तांदळात घालतेत न्हाई का? आपल्याकडं सोयाबीन लई पडलंय." घरून बटण काढून आणलं आणि सोयाबीनच्या एका पोत्यात खुपसून ठेवलं. नव्या सोयाबीनमध्येच इतकी ओल असते की व्यापारी रोज त्यावरूनच भांडतात, आणि ती भांडणं सोडवण्यात शंकरप्पाचं आयुष्य गेलं आहे, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत हमालांनी पोतं सौद्याच्या ढिगावर रिकामं केलं होतं. ढिगाच्या शेंड्यावर माझं बटण. खरेदीदाराने ते उचललं आणि हे ओल मोजायचं नवं मशीन हाय का, असं विचारलं. शंकरप्पा "हाव" म्हणाला. (आडतीत एवढं चालतं म्हणे.) मग त्या गृहस्थाने बटण सोयाबीनमध्ये खुपसलं, दाबलं, कानाला लावलं आणि ओल लई हाय, असा निकाल दिला. ज्याचा माल होता तो भुजंग खवळला. मी हात पुढे करून माझी वस्तू मागितली, तर दोघंही म्हणाले, आधी भाव ठरू द्या. शेवटी खरं मशीन आणलं, त्यानेही तेवढीच ओल दाखवली, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

तिथून मोबाईल दुरुस्त करणाऱ्या धम्मप्रियाकडे गेलो. (माझीच विद्यार्थिनी, म्हणून जास्त अवघड वाटलं.) तिने बटण उघडलं तर आत कुंकवाचा थर आणि कोपऱ्यात अडकलेला एक तांदूळ. सर, हे तांदळात ठेवलं होतं का, असं तिने विचारलं. मी हो म्हणालो. अक्षता शेवटी तांदळाच्याच असतात. तिने स्पिरिटने साफ करून दिलं आणि घरी येऊन मी स्वतः बसवलं. गिअर पडतात. तेव्हा दिवाळीला निर्धास्त या, आणि बाबांनी सायकल चांगली ठेवली आहे, एवढं उर्वीच्या कानावर घालत राहा.

आपला,
रेणुकादास

ता. क. गिअर पडतात हे खरं, पण उलटे पडतात. जड मागितला की हलका मिळतो. बटण बसवताना वरची बाजू कोणती ते मला कळलं नाही आणि स्क्रू आता बटण फोडल्याशिवाय निघत नाही. मला सवय झाली आहे, पण उर्वी एक चक्कर मारल्याशिवाय राहणार नाही. तरी तसलंच नवीन बटण ऑफिसच्या बॅगेत, फराळाच्या डब्याखाली घालून आणावं, ही विनंती. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला डिंक मागितला आणि पत्र तुमच्या सासूबाईंच्या हाती पडलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं. मला वाटलं, सायकल गेली. तर त्यांनी विचारलं, मागे बसायला कॅरियर मिळतं का, आणि मोटर दोघांना ओढते का? उर्वीचं मी बघते म्हणाल्या. तेव्हा बटणाबरोबर एक मजबूत कॅरियरही आणा. मी विचारलं, जायचंय कुठं? तर म्हणाल्या, ते निघाल्यावर बघू.