मागाच्या खड्ड्यातले पाय

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग दुसऱ्या कुणावर काढता येत नाही. मागच्या महिन्यात माझ्या मुलाला जुलाब झाले, थांबले, आणि आठवड्याभराने त्याचे पाय गेले. अगदी तुमच्यासारखे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: पोटात जंतू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला उठतं, पण त्या जंतूचं रूप आपल्या नसांशी कुठेतरी जुळतं, आणि जंतू मेला तरी शरीर आपल्याच नसा पोखरत राहतं. असा जंतू अर्धकच्च्या कोंबडीतून येतो, घाण पाण्यातूनही येतो. पोरगा आता भिंत धरून चालतो. मी मात्र त्या वॉर्डात तुमच्यावर संतापून उभी होते.

कारण ज्या कोंबडीने तुमचे पाय गेले, ती तुम्हीच शिजवली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीची मिरवणूक बघून आलात आणि अंगणात तीन विटा मांडून हंडी चढवलीत. आई मांस खात नव्हती, आपल्या चुलीवर शिजूही द्यायची नाही. "आतून लाल आहे जी अजून," ती दारातून म्हणाली, तर तुम्ही हसून कलेजी तोंडात टाकलीत. आम्हाला मात्र नीट शिजल्यावर वाढलंत. मग तुम्हाला जुलाब झाले, तेही ओसरले, तुम्ही पुन्हा हातमागावर बसलात आणि एका सकाळी, पायांनी पावड्या दाबायच्या त्या मागाखालच्या खड्ड्यातून उठता येईना. "पायाले मुंग्या येऊन राहिल्या," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी पाय हलेचनात. काकांना वाटलं, पाय नुसते काम विसरले आहेत. "पावडीवर ठेवले का आपोआप चालतीन," म्हणत त्यांनी तुम्हाला उचलून पुन्हा मागाच्या खड्ड्यात बसवलं. मला अजून दिसतं: तुमचे पाय पावड्यांवर नुसते पडून आहेत, आई खड्ड्यात वाकून ते हातांनी दाबते आहे, आणि आजी वरून ओरडते आहे, "हिनंच काही खाऊ घातलं माह्या पोराले! मारबतीसंगं हिलेच धाडाले पायजे होतं गावाबाहेर!"

आईने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं, बाबा. कोंबडी मीच शिजवली, एवढं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पाणी दे वं."

पुढे तो आजार छातीपर्यंत चढला आणि तुम्ही सुटलात. ती नाही सुटली. तेरवीला तिला स्वयंपाकाच्या जवळ फिरकू दिलं नाही. नात्यातल्या एकाही लग्नात कुणी तिच्या हातचा चहा घेतला नाही. गांधीबागेच्या बाजारात लोकांच्या साड्यांना फॉल लावून तिने मला शिकवलं, आणि जिने तिला वाळीत टाकलं त्या आजीचे पायही शेवटी तिनेच चेपले. कशासाठी? तुमच्या एका कलेजीसाठी!

काल मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, निदान तुम्हाला दोन शब्द तरी ऐकवेल. ती पदर चाळवत म्हणाली, "तवा त्याईचं तोंड भी वाकडं झालं होतं ना वं. बोलता कुठं येत होतं त्याईले?"

या आजारात काहींचा चेहराही जातो, हे खरं आहे. तुमचा त्या दिवशी गेला नव्हता. तुम्ही तोंडाने मागितलेलं पाणी मीच आणून दिलं होतं. हा कागद मी तिच्या नजरेस पडू देणार नाही, कारण मी तिला म्हणाले, "हो आई, नव्हतं येत बोलता."