हिडेमाच्या हातावरची टाळी

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

बाबांनी सगळा गोठा विकला! लेवार्डनच्या गुरांच्या बाजारात, हिडेमा दलालाच्या हातावर टाळ्या मारत. भाव बोलायचा, टाळी द्यायची, आणि शेवटी हात धरून ठेवला की सौदा पक्का. मी वाढवलेल्या गाई – मला न विचारता! वर म्हणतात, "सित्स्के, झाली टाळी. आता नखरे नकोत." यापुढे त्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही.

वीब्रन त्यांच्यासोबत गेला होता. माझा नवरा, पण बूट काढत बसला नुसता.

शनिवार, ४

हिडेमा अंगणात! गाईंच्या कानांतले बिल्ले बघत फिरत होता. मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही." तो हसला. "तुमची लेक, आमची छोटी राणी, कशी आहे? तिला बघायला आलो तेव्हा दिलेला तो जन्माचा गुलाबी बडीशेपेचा टोस्ट अजून जिभेवर आहे हो!"

आजच कसा आठवला त्याला तो टोस्ट?

मंगळवार, ७

वकीलबाई म्हणाल्या, "तोंडी सौदाही कोर्टात टिकतो. पण गोठा तुमच्या कंपनीचा आणि तिचे संचालक दोन, तुम्ही आणि वडील. दोघांचीही संमती लागते, नोंदच तशी आहे. एकट्याच्या टाळीने कंपनी बांधली जात नाही."

जीव भांड्यात पडला! घरी येऊन वीब्रनला मिठी मारली. तो भांडी घासायला लागला. घासलेलीच होती ती.

गुरुवार, ९

हिडेमाने ट्रक ठरवलेत म्हणे. फोनवर ठणकावलं – "माझी टाळी कुठाय?"

तो शांतपणे म्हणाला, "बाळ बघायला आलो तेव्हा पलंगावरून तुम्हीच म्हणालात ना, गोठ्याच्या बाबतीत वीब्रनचा शब्द तो माझा शब्द? तो मागे घेतल्याचं मला कुणी कळवलं नाही."

म्हटलं होतं! टाके ओले होते, उठवत नव्हतं, कालवडी घ्यायच्या राहिल्या होत्या. पुढे ते विसरूनही गेले.

लगेच वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असा अधिकार तोंडीही देता येतो. वीब्रन तुमच्या नावाने काही बोलून बसला नाही ना?"

वीब्रन? छे! तो गाईवरसुद्धा ओरडत नाही. तरी त्याला विचारायला हवं. धीर होत नाही.

शुक्रवार, १०

ट्रक आले. फाटक वीब्रनने उघडलं.

बाबा खिडकीशी रडत होते. म्हणाले, "मी तर हात मागे घेत होतो गं. तुझा होकार आहे असं वाटलं म्हणून मान्य केलं. शेवटची टाळी वीब्रनने दिली – तुझ्या नावाने."