माझं अजून ठरत नाही

निर्मळ
रविवार, मिस्साहून आल्यावर

माझी थोरली बाय मार्गारेट हिला धाकट्या सालोमीचे दोन्ही गालांवर मुके.

येशूच्या दयेने मी बरी आहे. तू माझ्याहून बरी असावीस म्हणून संध्याकाळच्या रोझरीत एक नमो मरिया तुझ्या नावाची जास्तीची म्हणते. दवाखान्यातून आल्यापासून झोप लागते का? साखर किती आहे? उजवा गुडघा अजून कुरकुरतो का? तिकडे आपल्यासारखा जाडा भात मिळतो का, की अजून तो लांब दाण्याचा, बोटांतून निसटणाराच खातेस? (याचं उत्तर दे. मागच्या फोनवर मी हेच विचारलं तर तू शारजाहची हवा सांगत बसलीस.) माझं अक्षर बघून हसू नकोस. तिसरीत मास्तर म्हणाले होते, सालोमी, तू बोल, लिहू नकोस, आणि मी जन्मभर त्यांचं ऐकलं. पण आमच्याकडे मी फोन कानाला लावला की चार जणांचे कान माझ्याकडे लागतात, म्हणून आज कागद घेतला.

तर बाय, सध्या माझे दिवस फार छान चालले आहेत. जगात एवढी महामारी, लोक तोंडं बांधून फिरतात, दोन वर्षांत किती जणांना आपण नुसतं लांबून निरोप दिला, आणि ही बाई लिहिते की माझे दिवस छान चाललेत. बरं दिसत नाही. पण तुझ्याशी खोटं कशाला?

झालं असं की एरॉलने नाताळानंतर सगळ्यांना दुबईला फिरायला न्यायचं काढलं. (एरॉल वालीवच्या कारखान्यात आता सुपरवायझर झालाय. तुला सांगितलं होतं, परत सांगते.) त्याचं म्हणणं, घरात कोंडून पोरं पिवळी पडली, सगळ्यांचे दोन्ही डोस झाले, आणि स्टेशनजवळचा ट्रॅव्हलवाला अगदी स्वस्तात नेतोय, कारण सध्या कोणी जातच नाही. (कोणी जात नाही म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून आपण जायचं.) ब्रिटनी लगेच बापाच्या बाजूला. कुठल्या इमारतीसमोर कुठला फ्रॉक, इथपर्यंत तिचं ठरलं. फेलिशिया म्हणाली, अजिबात नाही. कोरोनाचा नवा प्रकार निघालाय, बातम्यांत रोज सांगतात, तिकडे गेल्यावर एक जण जरी पॉझिटिव्ह निघाला तर परक्या देशात खोलीत कोंडतील, मग माझ्या शाळेचं काय? (शाळा ती मोबाइलवरच घेते, ती खोलीत कोंडूनसुद्धा घेता येईल. पण सून शिक्षिका असली की सासूने हे तोंडातून काढायचं नसतं.) आणि फ्लॉईड आईच्या बाजूला. तो काही आईच्या प्रेमाने नाही. विमानात बसण्याआधी नाकात काडी घालून तपासतात ना, ती त्याला मागे एकदा घातली होती, तेव्हा एवढा कॉलेजातला घोडा त्या तपासणाऱ्या मुलीचा हात धरून बसला, सोडेचना. मुलगी निघाली आपल्या निर्मळचीच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

म्हणजे दोघं इकडे आणि दोघं तिकडे. आठवडाभर जेवताना तेच. कालवणात मीठ कमी की जास्त हे कोणाला कळत नव्हतं, इतकं भांडण. शेवटी एरॉलने ताटावर हात आपटला आणि म्हणाला, आईला विचारू, आई म्हणेल ते.

मार्गारेट, माझा घास हातातच राहिला. लग्न पप्पांनी ठरवलं. घर नवऱ्याने ठरवलं. वाडीत केळी ठेवायच्या की सोनचाफा लावायचा, ते एरॉलने ठरवलं. मला आजपर्यंत भाजी काय करू एवढंच विचारलंय, आणि मी सांगितलेली भाजी त्या दिवशी कधी शिजली नाही. आता पाच माणसांनी समुद्र ओलांडायचा की नाही, हे माझ्यावर! मी घास संपवला, पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "जरा विचार करू दे. माझं अजून ठरत नाही."

दुसऱ्या दिवशी एरॉल पाचूबंदरला जाऊन पापलेट घेऊन आला, ताटाएवढं. डोकं मला, पोट मला, शेपटी घरच्यांना. त्याच्या पुढच्या दिवशी फेलिशियाने मैद्याचे गोडसर फुगे तळले. नाताळ नाही, सण नाही, साध्या मंगळवारी फुगे! शेजारून विचारायला आले, कोणाचा साखरपुडा आहे? ब्रिटनीने माझ्या नखांना रंग लावला, फिका गुलाबी. (रविवारी कम्युनियन घेताना मी हात पुढे केला तर फादर क्षणभर थांबले.) फ्लॉईड पाय चेपायला लागला. चर्च घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, पण एरॉल मला गाडीतून न्यायला लागला. आळी इतकी अरुंद की गाडी वळवता वळवता आमची पहिली प्रार्थना चुकायची, पण मी पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

खरं सांगू? ठरवायला मला काही वेळ लागत नाही. पण ठरवलं असतं तर फुगे बंद झाले असते.

प्रत्येक जण मला एकटीला गाठायचा. एरॉल मोबाइलवर इमारती दाखवायचा, मान वर करून माझी शीर दुखायची. ब्रिटनी म्हणाली, आजी, तिथे एका मॉलमध्ये खरा बर्फ आहे. म्हणजे वाळवंटात जायचं आणि बर्फ बघायचा. फेलिशिया पेपरातले आकडे वाचून दाखवायची, कुठल्या देशात किती. मी सगळ्यांचं ऐकायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, बघू. फादरनासुद्धा विचारलं. ते म्हणाले, सालोमीबाई, सारासार विचार करून ठरवा. घरी येऊन सांगितलं तर एरॉल म्हणाला, बघ, फादर हो म्हणाले. फेलिशिया म्हणाली, बघा, फादर नाही म्हणाले. असे फादर सगळ्यांना मिळोत.

मग बातमी आळीत फुटली. तुला आपल्या लोकांचं माहीत आहे. कोणी आखाताकडे निघालं असं नुसतं कानावर आलं की ज्याचं ज्याचं माणूस तिकडे आहे तो पिशवी घेऊन दारात. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आली, मसाल्याच्या बाटल्या आल्या, लोणची आली, सुक्या बोंबलांची एवढी मोठी पिशवी आली आणि तिच्यामागून आळीतली सगळी मांजरं आली. सगळे मास्क हनुवटीला लावून यायचे आणि ओटीवर तासभर बसायचे, कोरोना किती वाईट हे सांगत. ते गेले की फेलिशिया पिशव्यांवर सॅनिटायझर मारायची. (सुकेळ्यांवरसुद्धा. मी एक खाऊन बघितलं. दवाखान्यातल्या स्पिरिटसारखं लागलं.)

आणि आपला बॅप्टिस्ट! तो त्याच्या मुलीसाठी विळी घेऊन आला. खवणीवाली, लोखंडी, पाटासकट. का, तर तिकडच्या चाकूने तिला नारळ खवता येत नाही.

एरॉल म्हणाला, "काका, विळी घेऊन विमानात शिरलो तर मला पकडतील."

"हातात धरून कशाला बसतोस? बॅगेत ठेव ना."

"अहो, अजून जायचंच ठरलं नाही आमचं."

"ठरलं नाही? मग लोकांचे बोंबील कशाला ठेवून घेतलेस?"

एरॉलने विळी घेतली आणि बोंबलांच्या पिशवीशेजारी ठेवली. पाच माणसांचं सामान न्यायचं वजन असतं ना, ते सगळं आळीनेच भरून टाकलं. आमचे कपडे न्यायला जागा उरली नाही. मला वाटतं तेव्हाच एरॉलचा जोर थोडा कमी झाला, पण पुरुष आहे, बोलणार कसा.

असं करत करत गेला रविवार उजाडला. ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. जेवण झाल्यावर सगळे माझ्याभोवती बसले. आता काही सुटका नव्हती. मी एरॉलला म्हटलं, तिकडे रोज काय काय करायचं ते एकदा वाचून दाखव.

त्याने वाचलं. पहिल्या दिवशी उंच इमारत. दुसऱ्या दिवशी वाळवंट आणि उंट. मग बोटीत जेवण. मग मॉल. मग दुसरा मॉल. मग विमान.

बाय, मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकत होते. तुझं नाव कुठे येतं ते बघत होते. इतके दिवस हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे सगळे माझ्याशी बोलले, इमारत बोलले, रोग बोलले, बर्फ बोलले. माझी बहीण तिकडे आहे हे कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. म्हटलं, बघूया, कोणाला आठवतं. जो पहिला तुझं नाव काढील त्याच्या बाजूने माझं मत, असं मी पहिल्या पापलेटाच्या दिवशीच मनाशी ठेवलं होतं. पण एरॉलचं वाचून संपलं, विमान परतसुद्धा आलं, आणि तू त्यात नव्हतीस.

तेवढ्यात फेलिशिया म्हणाली, "आणि मार्गारेट मावशी?"

एरॉल म्हणाला, "अगं, मावशी शारजाहला. ट्राफिकमध्ये अर्धा दिवस जातो. पॅकेजमध्ये बसत नाही ते. तिथून फोन करू ना. लोकल कॉल."

लोकल कॉल!

फेलिशिया उठून उभी राहिली. "लोकल कॉल? सख्खी बहीण आहे आईंची. आणि अर्धा दिवस काढून गेलो तरी काय? दोन विमानतळ तुडवून, मॉल फिरून आपण पाच जण त्यांच्या घरात शिरणार आणि त्यांना मिठ्या मारणार? आत्ता दवाखान्यातून आल्यात त्या. मला माझी भीती नाही वाटत एरॉल, मला मावशींची वाटते. जाऊन भेटलो नाही तर आईंना वाईट वाटणार, आणि भेटलो तर..." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही एवढ्या खुशीत होता आई, म्हणून गप्प राहिले."

इतके दिवस मला वाटत होतं की सून शाळेसाठी आणि स्वतःच्या जिवासाठी भांडते आहे. ती कोणासाठी भांडत होती, बघ. ओटीवर मांजरं बोंबलाची पिशवी ओढत होती.

मी म्हटलं, "नाही. जायचं नाही."

ब्रिटनी आत जाऊन दार लावून बसली. एरॉल वाडीत एक चक्कर मारून आला, ट्रॅव्हलवाल्याला फोन केला, आणि मग मला म्हणाला, तू म्हणशील ते असं बोललो होतो ना. शब्द पाळला म्हणून त्याचं त्यालाच बरं वाटलं असावं, कारण रात्री दोनदा भात घेतलान. काल सगळ्यांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेऊन आणलं. ब्रिटनीने तिथे दुबईचा फ्रॉक घालून फोटो काढले. पाठीमागे होड्या आणि जाळी, पण मैत्रिणींना पाठवताना ती नुसतं आभाळ दिसेल असे निवडत होती. फ्लॉईडचं नाक वाचलं.

तर अशी हकीगत. माझं राज्य संपलं. आज भाजी काय करू म्हणून विचारलं, मी घेवडा म्हटलं, शिजला दुधी. तू औषधं वेळेवर घे, तुझ्या लेकाला, ॲल्रॉयला माझे आशीर्वाद, आणि गरम पाण्यात पाय सोडून बसत जा.

तुझ्यावर जीव असलेली,
सालोमी

ता. क. बॅप्टिस्टचा पुतण्या कामावर परत निघालाय, त्याच्याबरोबर आळीच्या पिशव्या जातात. हे पत्र तुझ्या सुकेळ्यांच्या पुड्यात आहे. ती पुसून खा.

आणखी एक. आता मुद्द्याचं. मी पाच जणांनी जायचं नाही असं म्हटलं. एकीने जायचं की नाही, हे मला कोणी विचारलं नाही. पवित्र भूमीच्या यात्रेसाठी काढलेला माझा पासपोर्ट कपाटात कोराच पडलाय. नाकात काडी घालणार असतील तर माझी हरकत नाही, दोन नाकपुड्या आहेत. तेव्हा ॲल्रॉयला सांग, एरॉलला फोन कर आणि म्हण, मावशीला आमच्याकडे पाठव. हे त्याने स्वतःला सुचल्यासारखं बोलायचं. मला इमारत नको, उंट नको, मॉल तर मुळीच नको. विमानतळावर मी चाकाची खुर्ची मागणार आहे, त्यात बसलं की सगळं तेच लोक करतात म्हणे. पोचले की आठवडाभर तुझ्या मागच्या खोलीत आतून कडी लावून बसेन, ताट बाहेर ठेवत जा. तू दाराला पाठ लावून खुर्ची टाक. दोन वर्षं आपण फोनवर बोललो, त्यापेक्षा दार पुष्कळ जवळ. मग परत तपासून घेईन आणि कडी काढेन.

अगदी शेवटचं. हे फेलिशियाला माहीत आहे. तिनेच सुचवलं आणि माझी बॅगही माळ्यावरून काढून पुसून ठेवली. म्हणाली, आई, एवढ्या लांब जाताय तर घाई करू नका, चांगल्या दोन महिने राहा. हे दोन महिने ती इतक्या प्रेमाने म्हणाली की मी दीड ठरवले आहेत.