निंबाखालच्या मुंग्यांची बदली

मु. कासारपाडे, स्टेशन नरडाणे,
ता. शिंदखेडा, जि. धुळे
दि. १८ एप्रिल १९६९

रा. रा. पुनाभाऊ यांना तोतारामाचा सविनय रामराम.

तुमचं कार्ड पोचलं. तुम्ही इतकं बारीक लिहिता की अर्धं मी चष्म्यानं वाचलं आणि उरलेलं अर्धं कमलनं बहीण या नात्यानं ताडलं. इकडे आम्ही ठीक आहोत. कमलचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तिथेच आहे. मागच्या रविवारी शिंदखेड्याला आईंकडे जाऊन आलो. त्यांनी आधी तुमची चौकशी केली, मग वहिनींची, मग तुमच्या म्हशीची आणि शेवटी माझी. (जावई म्हणून तक्रार करत नाही, फक्त क्रम कळवतो.) साक्रीकडचं पाणी तुम्हाला बाधतं हे वाचून वाईट वाटलं. पाणी उकळून प्या आणि रात्री वांगी खाऊ नका. दुसरं तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक आहे, पण लिहिणं माझं काम.

तुम्ही विचारलंत की नरडाण्याच्या बाजूला बदली मागावी का, आणि इथल्या शाळा कशा आहेत. दुसऱ्या शाळांचं मला माहीत नाही. माझ्या शाळेचं सांगायचं तर त्यासाठी मुंग्यांपासून सुरुवात करावी लागेल, म्हणून पोरांच्या वहीचे ताव फाडून बसलो आहे.

आमच्या शाळेला खोल्या दोन आणि वर्ग चार. त्यामुळे पहिलीचा वर्ग बाहेर निंबाखाली बसतो. सावली दाट, वारा छान, आणि निंबाच्या बुडाशी तांबड्या चावऱ्या मुंग्यांची वस्ती. थोड्या मुंग्या कुठल्या शाळेत नसतात? पण आमच्याकडे दरवर्षी त्या वाढतच गेल्या. यंदाच्या जानेवारीत अशी वेळ आली की पहिलीची पोरं बाराखडी म्हणता म्हणता मध्येच उडी मारायची, आणि कोण बाराखडीला उठलं अन् कोण मुंगीला, ते कळायचं नाही. मी आपला पाणी शिंपून दिवस काढत होतो. (आळस म्हणा. मीही मनात तेच म्हणतो.)

अशात आमचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. साहेबांचं नाव लिहीत नाही, टपाल फुटतं. सावली पाहून ते खूश झाले आणि खुर्ची निंबाखालीच मांडा म्हणाले. मी नको नको म्हणेपर्यंत बसलेसुद्धा. दहा मिनिटं त्यांनी हजेरीपत्रक पाहिलं, अकराव्या मिनिटाला ते उभे राहिले, बाराव्या मिनिटाला ते शाळेच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यांची पँट झटकण्याचा आवाज येत होता. पोरांनी मात्र शिस्त पाळली, एकही हसलं नाही. (हसणारा मी होतो, पण मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो.) परत आल्यावर त्यांनी शेरेबुकात लिहिलं की शाळेच्या आवारातील उपद्रवी कीटकांचा मुख्याध्यापकांनी जातीनं बंदोबस्त करावा व पंचवीस दिवसांत अहवाल द्यावा. लिहितानासुद्धा ते उभेच होते.

झालं, शाळा समितीची सभा बोलावली. आमच्या समितीत दोन माणसांचं चालतं. एक हिलालभाऊ, गावातले मोठे कपाशीवाले. दुसरे महावीरशेट, किराणा दुकानवाले जैन. शाळेची जागा त्यांच्या आईंनी, सज्जनबाईंनी दिलेली. हिलालभाऊंची नात तानू पहिलीत आहे आणि तिच्या मांड्या मुंग्यांनी फोडून काढल्या होत्या, त्यामुळे ते तापूनच आले. कपाशीवर मारायच्या एन्ड्रीनचा हंगामातला उरलेला डबा त्यांनी बरोबरच आणला होता. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "गुरुजी, बठ्ठा मुंग्यास्ले एकच दिनमा साफ करी टाकसू." औषध किती जालीम याचा पुरावा म्हणून त्यांनी सांगितलं की पंप हौदावर धुतला तेव्हा त्या पाण्यानं भिजलेल्या मातीत चोच मारून त्यांच्याच दोन कोंबड्या जागच्या जागी मेल्या. हे ते अभिमानानं सांगत होते. महावीरशेटनी कानावर हात ठेवले. आईनं दिलेल्या जागेवर एक जीव मारला तरी समिती सोडीन, म्हणाले. त्यावर हिलालभाऊंनी मुंग्यांची आरती करायची का असं विचारलं, आणि सभा चहा न घेताच उठली. ठरलं एवढंच की गुरुजींनी चार दिवसांत काही केलं नाही तर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर हिलालभाऊ पंप घेऊन येणार.

पुनाभाऊ, मुंग्या मेल्या असत्या तर मी रडलो नसतो. मला भीती होती ती पोरांची. तुम्हीही पहिली शिकवली आहे. पहिलीचं पोर पाटी कशानं पुसतं? थुंकीनं. आणि तोच हात मातीत, तोच तोंडात. शनिवारी फवारलं तर सोमवारी एकेचाळीस पोरं त्याच मातीत बसणार. पण हे मोठ्यानं बोलावं तर हिलालभाऊ म्हणणार, गुरुजी शेटच्या बाजूचे.

म्हणून आधी मी स्वतःचे उपाय केले. वर्गाभोवती चुलीच्या राखेची रेघ ओढली. मुंग्या थांबल्या, पण पोरांना वाटलं गुरुजींनी कबड्डीची आखणी केली, आणि मधल्या सुट्टीत रेघही गेली अन् एकाचा दातही. (दुधाचा होता.) मग कमलच्या डब्यातली हळद नेऊन टाकली. त्या दिवशी पहिलीचा सगळा वर्ग हळद लागल्यासारखा पिवळा होऊन घरी गेला आणि आमच्या घरी तीन दिवस पांढरं वरण शिजलं. मुंग्यांना काही झालं नाही.

शुक्रवारी सकाळी मी हिलालभाऊंना निरोप पाठवला की उद्या कुठे कुठे फवारायचं ती जागा एकदा पाहून घ्या. ते आले. त्यांना मी निंबाखाली खुर्ची दिली (पाय वर घेऊन बसा असंही सांगितलं) आणि माझं शिकवणं चालू ठेवलं.  बोरांचे दिवस होते. त्यांच्या देखत तानूनं पाटीवर थुंकून हातानं पुसलं. मग तिचं बोर मातीत पडलं, ते तिनं उचललं, फुंकर मारली आणि खाल्लं. मग बोट मातीत घालून 'त' काढला आणि ते बोट चोखत आजोबांकडे पाहून हसली.  उठताना हिलालभाऊ म्हणाले, "मन्ह्या कोंबड्या बी असंच मातीमा चोच मारेत, गुरुजी." आणि सभेपासून शाळेतच राहिलेला डबा धोतराच्या सोग्याखाली झाकून घेऊन गेले. भला माणूस आहे तो. आवाज मोठा आहे, एवढंच.

डबा गेला पण मुंग्या राहिल्या. मग मी शनिवारी भल्या सकाळी शाळेत गेलो, म्हटलं या एवढ्या येतात कुठून ते तरी पाहू. तर निंबाखाली सज्जनबाई. सत्तरी उलटलेली बाई वाकून मुंग्यांच्या प्रत्येक भोकापाशी चिमूट चिमूट पीठसाखर टाकते आहे. हातात पितळी वाटी. मला पाहून दचकल्या नाहीत. मीच दचकलो.

अकरा वर्षं त्या हे करत होत्या. त्यांच्यात मुंग्यांना पीठ घालायची रीतच आहे, हे मला माहीत होतं. पण शाळेतच का? तर शाळेचा पाया खणला तेव्हा मुंग्यांची घरं मोडली आणि अंडी उघड्यावर पडली, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. जागा दिली त्यांनी, म्हणून दोषही त्यांचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून जे जीव वाचले त्यांना त्या जेवू घालत होत्या. मी म्हटलं, बाई, पोरांना चावतात हो. त्यांनी विचारलं, "जीव है मास्टरजी, भूखा कियां राखां?"  त्यात पाणी भरणाऱ्या झुंबरबाईनं त्याच वेळी पोरांच्या दुधाच्या भुकटीचं पातेलं निंबाच्या बुडाशी विसळलं, तेव्हा कळलं की पीठसाखरेवर दूधसुद्धा मिळत होतं. इतकी व्यवस्था तर आईंकडे जावयाचीही होत नाही. (हे त्यांना वाचून दाखवू नका.)

तेव्हा मला सुचलं. उपाशी ठेवायचं नाही ना? मग जेवणाची पंगत हलवू. निंबापासून तारेच्या कुंपणापलीकडच्या पडीक बांधापर्यंत साठ हात होतात. रोज चार हात पुढे वाटी सरकवली तर पंधरा दिवसांत मुंग्या बांधावर. (चौथीला हे गणित घातलं. एकानं उत्तर काढलं की मुंग्या परत येतील. त्याला मी तेव्हा शून्य दिलं.) सज्जनबाई कबूल झाल्या, पण एक अट घातली. घरं शाळेपायी मोडली, तर शाळेच्या गुरुजींनीही रोज बरोबर यायचं, आणि एकही मुंगी पायाखाली येऊ द्यायची नाही. त्यामुळे रोज सूर्य उगवताना कासारपाड्याचे मुख्याध्यापक धोतर आवरून, वाकून, एकेक पाऊल बघून टाकत म्हातारीच्या मागे चालताना गावानं पाहिले. हिलालभाऊ शेतात जाताना बैलगाडी थांबवून बघायचे.

त्याबरोबर बाकीचंही केलं. पातेली आता हातपंपावर विसळतात. पोरं डबा ओट्यावर खातात, ओटा लगेच झाडला जातो. जी भोकं ओस पडली ती मी शेणमातीनं लिंपली. आठ दिवसांत निंबाखाली फरक दिसायला लागला. नवव्या दिवशी महावीरशेटना मुलगा झाला आणि त्यांनी आनंदानं सगळ्या शाळेला पेढे वाटले. कुठे? निंबाखाली. दुपारपर्यंत छत्तीस हातांवरच्या मुंग्या माघारी. चौथीतल्या त्या पोराला बोलावून मी त्याचं शून्य खोडलं. सज्जनबाई मात्र आपल्या लेकावर अशा चिडल्या की नातवाच्या बारशाआधी त्यांनी त्याला निंबाखाली झाडू मारायला लावलं. मग आम्ही रोज आठ हात धरले, आणि अहवालाची मुदत संपायच्या दोन दिवस आधी पंगत बांधावर पोचली.

फेब्रुवारीत साहेब पुन्हा आले. खुर्चीच्या दांडीवर पाय ठेवून तासभर बसले. खाली मुंगी नाही. शेरेबुकात 'अत्यंत समाधानकारक' असा शेरा आहे. तानूला 'ज्ञ'पर्यंत येतं आणि ती सबंध तास मांडी घालून बसते. आता तुम्हीच ठरवा शाळा कशी आहे ते. या किंवा येऊ नका, माझा आग्रह नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीला चारा.

आपला,
तोताराम

ता. क. एक गोष्ट राहिली. माझी बदली झाली आहे. जूनपासून अक्राणीकडची शाळा. तिथल्या शाळेच्या दारातल्या उंबरावर आग्यामोहोळ आहे, आणि साहेबांनी शिफारशीत लिहिलं आहे की या शिक्षकास कीटकांचा अनुभव आहे. समाधानकारक शेऱ्याची ही फळं. माझी जागा रिकामी होते आहे. अर्जाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. (इथून शिंदखेडा जवळ. आईंकडे आठवड्यातून दोनदा जाता येईल. हे मी सहज लिहिलं.)

आणखी ता. क. अर्ज करणार असाल तर सांगून ठेवतो, होळीनंतर सज्जनबाई अंगणात पडल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. आता त्या खाटेवरून उठत नाहीत. वाटी त्यांनी माझ्या हातात दिली आहे. दोन मुठी पीठ, एक चिमूट साखर, बांधावर, ऊन चढायच्या आत. एक दिवसही चुकवायचं नाही, कारण बांधावर मिळालं नाही की त्या निंबाखाली परततील, आणि हिलालभाऊंनी डबा अजून माळ्यावर ठेवला आहे. फेकला नाही, मी विचारलं आहे. नवा येणारा गुरुजी हसून वाटी बाजूला ठेवेल, अशी मला धास्ती आहे. तुम्ही हसाल, पण वाटी ठेवणार नाही. म्हणून रागावू नका, पण सज्जनबाईंना मी तुमचं नाव सांगून टाकलं आहे.

भाऊ, मी कमल. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली लिहिते. ह्यांनी आळसाचं खरं लिहिलं, बाकी आग्रह नाही वगैरे सगळं खोटं आहे. बदलीचा कागद आला त्या दिवशी हे जेवले नाहीत, बांधावर जाऊन बसले. मी बोलवायला गेले तर मुंग्यांना समजावत होते की माझा मेहुणा येणार आहे, चांगला माणूस आहे, त्याला चावू नका. तू ये.